उलट्या टोकाची गाठ

"मेलेला माणूस गहू विकतो का हो, अक्का?"

दारातल्या बाईने अजून चप्पलही काढली नव्हती. अक्कांनी तिला हाताला धरून बसवलं. अक्का पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायच्या. आता लोकांची कोडी सोडवत. सोबतीला धाकटा भाऊ, गुरांचा डॉक्टर. मनाने सोनं, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

बाईचा नवरा तीन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला. प्रेत सापडलं नाही. आणि काल पत्र आलं होतं: यंदा त्याने सरकारी केंद्रावर गहू घातला, सही केली, आणि हमीभावाचे पैसे नवराबायकोच्या जोडखात्यात जमा झाले.

"पलीकडच्या काठावरचं शेत त्यांच्या नावावर. पुरानंतर मी तिकडे पाऊल टाकलं नाही. त्या वर्षी कापणीआधीच पाणी शिरलं. अख्ख्या गावात दाणा हाती लागला नाही, मळणी यंत्रं शेडबाहेरही निघाली नाहीत." तिने पत्र अक्कांपुढे ठेवलं. "त्यांचे बूट अजून दाराशी आहेत. ठेवू की काढू, एवढंच सांगा."

केंद्रावर धुळीत मापाडी उभा होता. नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

"तोच होता, बाई! तो डावखुरा. पोतं शिवताना शेवटची गाठ उलट्या टोकाला यायची त्याची. वीस वर्षं बघतोय. यंदाही तशीच!"

"चेहरा पाहिलात?"

"कुसळं उडतात, सगळेच रुमाल बांधतात. एक शब्द बोलला नाही तो."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"मेलेल्याला काय विचारायचं?"

अक्का पोत्यांच्या थप्पीजवळ गेल्या. गाठी खरंच उलट्या टोकाला होत्या. टाके मात्र कुठे लांब, कुठे आखूड.

"अक्का, जिवंत आहे तो!" डॉक्टर कुजबुजला.

"वीस वर्षं शिवणाऱ्याचे टाके असे येतात होय रे?"

मग दोघं बाईच्या दिराकडे गेले. एकटा जीव. चहाची किटली त्याने डाव्या हाताने उचलली. उजवा कोटाच्या खिशातच, मनगटाभोवती दोर काचल्याचा जुना व्रण.

"हाताला काय झालं?"

"दोन बोटं गेली. मळणी यंत्रात. पुराच्याच वर्षी."

"आणि पुराच्या दिवशी?"

"घरी होतो," तो चटकन म्हणाला.

संध्याकाळी बाईच्या घरी सगळे जमले. दाराशी पुसून ठेवलेले बूट होते.

"गहू तुमच्या दिरांनी पेरला," अक्का म्हणाल्या. "मेलेला परत आला नाही. उजव्या हाताची बोटं गेल्यावर हे डाव्या हाताने शिवायला शिकले. म्हणून गाठ उलट्या टोकाला, आणि टाके नवशिक्याचे."

"पण बोटं तर यंत्रात—" डॉक्टर म्हणाला.

"त्या वर्षी एकही यंत्र बाहेर निघालं नव्हतं. मग बोटं कशाने गेली?" अक्का दिराकडे वळल्या. "मनगटावरचा व्रण दोराचा आहे. दोराने ना?"

दिराने हात खिशातून काढला आणि तो ढसाढसा रडला.

"दोर हाताला गुंडाळला होता, वहिनी. दादा दुसऱ्या टोकाला. बोटं तुटली आणि दोर सुटला. डोळ्यांदेखत गेला तो. तुम्ही बूट पुसत बसायचात, माझी जीभच उचलेना. शेतातला गाळ काढायला दोन वर्षं गेली. म्हटलं, निदान त्याचा गहू तरी घरी येऊ दे."

"भलेपणाने केलंत, पण सही खोटी," अक्का म्हणाल्या. "उद्या केंद्रावर जाऊन खरं सांगावं लागेल. पैसेही परत करावे लागतील."

बाई दिराकडे वळली.

"तीन वर्षं रोज दार उघडं ठेवलं मी, भाऊजी. तुम्ही येताजाता बघत होतात."



तिने बूट उचलून त्याच्या पुढ्यात ठेवले.

"उद्या मीही येते. शेत माझ्या नावावर करून घेऊ. पुढच्या वर्षी पोती तुम्हीच शिवा," ती म्हणाली. मग उठली आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने दाराला कडी लावली.