लिफ्टवाल्याची प्रार्थना

“लिफ्ट बंद आहे, एवढा एक कागद चिकटवला असता तर हात झिजले असते का?”

परक्या देशात आल्यापासून मी पहिल्यांदाच कुणावर एवढी ओरडले. खरं तर ओरडायची मला बंदी होती. मी मिशनची सेविका. कोटावर नावाची पट्टी, पिशवीत पुस्तिका आणि चेहऱ्यावर हसू हवंच, असा दंडक. पण ते हसू खालीच कुठेतरी जिन्यात गळून पडलं होतं. लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि एकेक दार ठोठावत खाली उतरायचं, ही आमची पद्धत. त्या दिवशी मात्र आम्ही दोघी पायांनी वर चढलो, आणि वर बघते तर हा महाशय लिफ्टचं दार उघडून, पाय पसरून, दातांत स्क्रूड्रायव्हर धरून बसलेला!

“कागद लावलाय की,” स्क्रूड्रायव्हर काढून तो म्हणाला. “पाचव्या मजल्यावर.”

“पाचव्यावर कशाला?”

“तिथले आजोबा तेवढे अजून लिफ्टची वाट बघतात. बाकीच्यांनी नाद सोडलाय.” मग त्याचं लक्ष माझ्या पट्टीकडे गेलं. “तुम्ही देवाकडच्या ना? मग वर जायला तुम्हाला लिफ्ट कशाला लागते?”

माझ्या सोबतिणीने मला कोपराने ढोसलं. आमच्यात एकटीने कुठे जायचं नसतं, कायम जोडी. माझ्या जोडीला आली होती ती नियमांची पक्की. मी मनातल्या मनात तिला पोलीसबाई म्हणायचे.

“हसून बोल,” पोलीसबाई कुजबुजली.

मी हसले. तो म्हणाला, “राहू द्या. रागातच बऱ्या दिसता.”

असला संताप आला मला! आणि जिना उतरताना कान गरम झाले होते, ते संतापानेच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या वसाहतीतल्या सगळ्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. त्यामुळे तो भेटतच राहिला. कधी तळमजल्यावर, कधी दोन मजल्यांच्या मधे नुसतं डोकं दिसायचं. लोक दार उघडायचे, पट्टी बघायचे आणि दार लावायचे. काही जण गोड हसून लावायचे, त्यांचा तर मला जास्तच राग यायचा. दिवसभरात आपणहून “आज किती दारं आपटली?” असं विचारणारा तो एकटाच.

“तुम्हाला काय करायचंय?” मी फणकारायचे.

“काही नाही. आपटून आपटून दारं खिळखिळी झाली, तर माझ्या सुतार भावाला काम मिळेल.”

एकदा त्याने विचारलं, “मला शिकवाल का तुमचं ते… देवाचं?”

मला आभाळ ठेंगणं झालं. इतके महिने उन्हातान्हात, गारठ्यात हिंडून एक माणूस ऐकायला तयार झाला होता! प्रार्थनागृहाच्या छोट्या खोलीत आमचे धडे सुरू झाले. मी बोलायचे, पोलीसबाई दाराशी खुर्ची टाकून बसायची, आणि तो हात धुऊन, केस ओले करून, शाळेतल्या पोरासारखा समोर. तरी नखांत ग्रीस असायचंच. प्रश्न विचारले की उत्तरं धडाधड बरोबर. शेवटी मी प्रार्थना करायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या पापण्या लांब होत्या. हे मला ठाऊक होतं, म्हणजे माझे डोळे नीट मिटलेले नव्हते… जाऊ दे.

बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. मी घरी फोन केला. आईने ती बातमी आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना सांगितली. पोरीने परदेशात नाव काढलं, म्हणून बाबा रडले म्हणे.

रविवारच्या आधीचा शेवटचा धडा. मी त्याला म्हटलं, “आज प्रार्थना तू कर.” केव्हातरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

त्याने डोळे मिटले. “हे स्वर्गातल्या बापा, आजच्या दिवसासाठी तुझे आभार. ज्यांनी दारं उघडली त्यांचं भलं कर, ज्यांनी लावली त्यांचंही कर. माझ्या आईचे गुडघे बरे कर, ऑपरेशनची भीती तिच्या मनातून काढ…”

माझे डोळे खाडकन उघडले. पोलीसबाईचेही उघडे होते. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली होती, हे त्यानेच आम्हाला सांगितलं होतं. गुडघे माझ्या आईचे दुखत होते!

“आमेन,” तो म्हणाला. आणि आमचे चेहरे बघून, “काय झालं? काही राहिलं का?”

“तुझ्या आईचे गुडघे?”

तो लाल झाला. कानांपर्यंत. “ते… तू रोज म्हणतेस ना. मला वाटलं, असंच म्हणायचं असतं.”

“इतके दिवस डोळे मिटून तू करत काय होतास?”

“तुझा आवाज ऐकत होतो.”

“देवाचं नाव घेऊन?”

“नाव तू घेत होतीस. मी नुसता… ऐकत होतो.”

मी उठले. खुर्ची मागे पडली. “लाज नाही वाटत? मला भेटायचं होतं तर सरळ सांगायचं! देवाला कशाला मधे घातलंस?”

“सरळ सांगितलं असतं, तर तू भेटली असतीस?”

नसते भेटले. कामाशिवाय पुरुषाला भेटायचं नाही, नियमच तसा होता. आणि तेवढ्यासाठी मला त्याचा आणखी राग आला, नियमाचा आला, माझाही आला. कारण ‘तुझा आवाज ऐकत होतो’ हे मला पुन्हा ऐकावंसं वाटलं होतं.

तो गेल्यावर पोलीसबाईने दार लोटलं. “होऊ दे बाप्तिस्मा,” ती हळूच म्हणाली. “विश्वास काय, येईल मागून. तुझ्या आईवडिलांचा तरी विचार कर. कुणाला कळणारे?”

नियमांची पक्की बाई हे बोलत होती! “मला कळलंय,” मी म्हणाले. “आणि ज्याच्या नावाने करायचं, त्याला तर आधीपासूनच ठाऊक असणार.”

मी मिशनच्या प्रमुखबाईंना फोन लावला आणि रविवारचा बाप्तिस्मा रद्द करायला सांगितला. कारणही सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि तुझ्या बाजूने काही आहे का?”

‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं. “आहे,” मी म्हणाले आणि ढसाढसा रडले. रागानेच रडले.

माझी बदली दूरच्या शहरात झाली. सेवेचे उरलेले महिने तिकडे काढायचे. निघायच्या सकाळी आम्ही बॅगा घेऊन तो काम करत होता त्या इमारतीशी थांबलो. पोलीसबाई चार पावलांवर उभी राहिली आणि उगाच बॅगेचं कुलूप तपासत बसली.

तो बाहेर आला. “मी वाट बघीन.”

“बघू नकोस! मी इथे देवाचं काम करायला आलेय. ते पुरं होईपर्यंत तुझा फोन नको, काही नको.”

“बरं.”

“लगेच ‘बरं’ काय म्हणतोस? भांड की जरा!”

“मग काय म्हणू? मला देव कळला नाही, हे खरं आहे. तू आवडतेस, हेही खरं आहे. तिसरं खरं माझ्याकडे नाही.”

इतक्या महिन्यांत देवाबद्दल तो पहिल्यांदाच पाठ न केलेलं बोलला होता.

“माझी सेवा संपली की आमच्या घरी यायचं,” मी बोट रोखून म्हणाले. “बाबा पहिला प्रश्न विचारतील, देवावर विश्वास आहे का. नाही म्हणून सांगायचं. माझ्यासाठी एक शब्द जरी खोटा बोललास, तर मी स्वतः तुला जिन्यावरून ढकलीन.”

“आणि खरं बोललो, आणि त्यांनी हाकलून दिलं तर?”

“तर दाराबाहेर थांब,” मी म्हणाले. “आत भांडायला मी आहे.”