हनुवटी, दहा अंश खाली

माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेत, वरच्या कडेला, एक छोटी दुर्बीण बसवलेली आहे. लांबी एकतीस मिलिमीटर, वजन बारा ग्रॅम. गाडी चालवताना मी तिच्या खालच्या साध्या काचेतून रस्ता बघते. दूरचा सिग्नल किंवा पाटी बघायची असली, की हनुवटी दहा अंश खाली करते आणि डोळे वर उचलते. दुर्बीण डोळ्यासमोर येते, सिग्नल तिप्पट मोठा दिसतो, आणि मी मान पुन्हा सरळ करते. या सगळ्याला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. हे मी मोजलेलं आहे. एकदा नाही, चाळीस वेळा.

मोजायचं राहिलं ते एवढंच, की बाहेरून बघणाऱ्याला हे कसं दिसतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गाडीतली बाई आपल्याकडे बघून मान लववते आहे.

मार्चमधला मंगळवार होता. बारीक पाऊस, वायपर दुसऱ्या वेगावर. हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहराच्या उत्तरेला कालव्यावर तीन उचलपूल आहेत. त्यातला पहिला आमच्यासमोर वर गेला आणि मी गाडी थांबवली. शेजारी ट्रीन बसली होती — मला गाडी शिकवणारी, वय साठ, तोंडात कायम खारट ज्येष्ठमधाची गोळी.

काचेवर टकटक झाली. नारिंगी जाकिटातला एक उंच माणूस वाकून आत बघत होता. मी काच खाली केली.

"मोई," तो म्हणाला. आमच्याकडे भेटलं तरी मोई आणि निघालं तरी मोई. "तीन आठवडे तुम्ही मला मान हलवून मोई करताय. मीही करतो. आज बोट लांबलचक आहे, वेळ आहे... म्हटलं, एकदा तोंडानंही करावं."

मी त्याच्याकडे बघितलं. जन्मापासून माझ्या डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी आहे. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, आणि इतरांना जे पन्नास मीटरवरून दिसतं, ते मला दहा मीटरवरून. तीन आठवडे मी मान हलवत होते ती पुलावरच्या लाल दिव्यासाठी. पुलावर माणूस असतो, हे मला माहीत होतं. तो मला कधीही दिसलेला नव्हता.

हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण त्याआधी माझी चौतीस वर्षं अशी गेली होती, की लोक दुकानात, बसथांब्यावर माझ्याकडे बघून हसत आणि मी ढिम्म पुढे जात असे. गावभर मी घमेंडखोर म्हणून प्रसिद्ध. आणि हा पहिला माणूस, जो मला आपणहून मोई करणारी बाई समजत होता.

"मोई," मी म्हणाले.

"हे चष्म्यावर काय आहे?"

"दुर्बीण. सिग्नल बघायला."

"म्हणजे तुम्हाला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं!"

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. पूल खाली आला, अडथळे वर गेले, आणि मी उगाचच हलक्या हातानं पहिला गिअर टाकला.

"तुमच्या लक्षात आलं होतं ना?" थोड्या वेळानं मी ट्रीनला विचारलं. "तो रोज मान हलवत होता, तुम्हाला दिसत होतं. सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, तू मुद्दाम करतेस," ती म्हणाली. "मनात म्हटलं, पोरगी हळूहळू सुधारतेय."

त्याचं नाव ताम्मो. तिन्ही पूल त्याच्या एकट्याच्या ताब्यात होते. एक पूल उचलायचा, बोट गेली की खाली करायचा, सायकलवर टांग टाकायची आणि बोटीच्या आधी पुढच्या पुलावर पोचायचं. बोटी तशा संथ. आमचा रस्ता कालव्याच्या काठानंच, प्रत्येक पुलावर काठ बदलत जायचा. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी, बोट असली की, आमचं बोलणं तीन तुकड्यांत व्हायचं.

"काम काय करता?" पहिल्या पुलावर.

"पाण्यातलं मीठ मोजते. प्रयोगशाळेत."

"कुठल्या पाण्यातलं?"

"तुमच्या पुलाखालच्या."

"अरे वा! किती आहे?"

बोटीनं भोंगा वाजवला. "उरलेलं पुढच्या पुलावर!" म्हणत त्यानं पूल खाली केला आणि तो सायकलकडे पळाला. मग मला त्याला मागे टाकून पुढे जायचं आणि पुढच्या पुलाअलीकडे थांबायचं असे.

"दीड मीटर अंतर ठेव," ट्रीन म्हणायची. "जीव जडला असला तरी सायकलवाल्यापासून दीड मीटर."

"कुणाचा जीव?"

"आरशात बघ. डावीकडच्या. आणि मग दुसऱ्या आरशात स्वतःकडे बघ, टोमॅटो झालीयेस."

दुसऱ्या पुलावर मी सांगितलं, "लिटरमागे एकशे ऐंशी मिलिग्रॅम."

"हे चांगलं की वाईट?"

"याहून वाईट असू शकलं असतं."

तो इतका मोठ्यानं हसला, की काठावरची बदकं उडाली. ग्रोनिंगनच्या माणसाकडे याहून मोठी स्तुती नसते. ट्रीननं मला ती आजवर एकदाच दिली होती, साठाव्या धड्यानंतर, चढावर गाडी मागे न सरकू देता काढली तेव्हा.

एप्रिलमध्ये त्यानं मला खिडकीतून मनुकांचा पाव दिला. मे महिन्यात एका उलट्या छत्रीसारख्या फुलाचं नाव विचारलं. मला येत नव्हतं, मी घरी जाऊन शोधलं आणि शुक्रवारी सांगितलं. जूनमध्ये त्यानं माझ्या पापण्यांकडे बघत म्हटलं, "पावसात भिजल्या की यांना थेंब जास्त चिकटतात का हो, की मलाच जास्त दिसतात?" यावर काय उत्तर द्यायचं, हे मला घरी जाऊन शोधूनही सापडलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट जागची हलत नव्हती. परीक्षा.

"आफ्के, एकशे चार धडे झाले," ट्रीन म्हणायची. "तू तयार आहेस. मी तारीख मागवते."

"पुढच्या महिन्यात."

"एप्रिलमध्येही हेच म्हणालीस."

"एप्रिलमध्ये पाऊस होता."

"पोरी, हा हॉलंड आहे."

खरं कारण मला ठाऊक होतं. डोळ्यांचे डॉक्टर, दुर्बिणीचं प्रशिक्षण, परवानगीची पत्रं, या सगळ्यांतून मी इथवर आले होते. परीक्षा दिली नव्हती तोवर मी 'गाडी शिकणारी' होते. दिली आणि नापास झाले, तर मी 'जिला गाडी येऊ शकत नाही ती' होणार होते. आणि ते तर मला लहानपणापासून सगळे सांगतच होते. म्हणून मी शिकत राहिले. आणि तसंच काहीसं पुलावरही चाललं होतं. खरं सांगितलं नव्हतं, तोवर मी त्याला बघणारी बाई होते.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी पहिल्या पुलावर लाल दिवा होता. मी मान खाली केली, वर केली, थांबले. काच आधीच उघडून ठेवली होती.

कुणी आलं नाही.

"आहे का तो?" मी विचारलं.

"आहे," ट्रीन म्हणाली. "केबिनच्या दारात उभा आहे. बघतोय. पण मान हलवली नाही त्यानं." तिनं तोंडातली गोळी या गालातून त्या गालात केली. "भांडलात?"

"आम्ही भांडण्याइतके कुठे..."

पूल खाली आला. तो सायकलवरून पुढे गेला. मी त्याला दीड मीटर अंतर ठेवून ओलांडलं.

दुसऱ्या पुलाअलीकडे मी थांबले, आणि त्यानं मागून येऊन पूल उचलताच इंजिन बंद केलं आणि पट्टा सोडला.

"कुठे निघालीस?" ट्रीन म्हणाली. "शिकाऊ माणसानं मधेच..."

"दोन मिनिटं."

पूल वर चढला होता, आणि एक जुनी शिडाची बोट सावकाश आत शिरत होती. ताम्मो कठड्याशी उभा होता.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नसतं तर तुम्ही खिडकीशी आला असतात."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "शनिवारी बाजारात, हेरिंगच्या टपरीपाशी मी उभा होतो. तुम्ही समोरून आलात. पाच-सहा मीटर. मी मान हलवली. मग हात केला. दुसऱ्यांदा हात केला तेव्हा हातातला मासा पडला. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत निघून गेलात." त्यानं कठड्यावर हात टेकले. "गाडीतून मोई करायला काही लागत नाही, मला कळतं. पण बाजारात, माणसांत, पूलवाल्याला ओळख दाखवायची म्हणजे..."

"मला तुम्ही दिसलाच नाहीत."

"सहा मीटरवरून? तुम्हाला? दुर्बीणवालीला?"

"दुर्बीण फक्त गाडीत असते." मी चष्म्याला हात लावला. "आणि गाडीतूनही दिसला नाहीत. कधीच नाही. मी मान खाली करते ती दिव्यासाठी. लाल आहे की हिरवा ते बघायला. मार्चपासून... मी तुम्हाला एकदाही मोई केलेली नाही."

बोटीचा मधला डोलकाठीचा भाग आमच्या समोरून सरकला. त्यानं डोलकाठीमागोमाग मान वळवली.

"म्हणजे," तो म्हणाला, "चार महिने मी सिग्नलचे मोई स्वतःच्या नावावर घेत होतो."

"मी सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलं?"

"कारण मग तुम्ही खिडकीशी यायचं थांबवलं असतं."

"बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता काहीतरी हलत होतं, "पहिल्या दिवशी मोई करायला आलो, हे कबूल. पण त्यानंतरचे एकतीस दिवस मी मोईसाठी नाही आलो."

एकतीस. म्हणजे मोजणारी मी एकटी नव्हते.

"मागे जा," मी म्हणाले.

"काय?"

"ही दुर्बीण तीन मीटरच्या आत चालत नाही. मागे जा. अजून. अजून एक पाऊल... थांबा."

मी हनुवटी दहा अंश खाली केली आणि तिथेच ठेवली.

सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवावा तसा तो तुकड्यातुकड्यानं दिसत गेला. डाव्या भुवईत एक जुनी खूण. नाकावर उन्हानं निघालेली सालं. पुढचा एक दात कोपऱ्यात तुटका — म्हणजे तो हसत होता. आणि कान, दोन्ही, टोकापर्यंत लाल.

"कान लाल झालेत," मी म्हणाले.

"तू असं बघितल्यावर काय होणार?"

'तुम्ही' कुठे गेलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"ओ पूलवाले!" बोटीचा म्हातारा मालक पलीकडून ओरडला. "मी केव्हाचा पार झालोय! मागे ट्रॅक्टर उभे आहेत, लोकांना घरी जाऊ द्या की!"

तिसऱ्या पुलावर ताम्मो धापा टाकत पोचला, पूल उचलला आणि थेट खिडकीशी आला. कोपर दारावर ठेवून म्हणाला, "एक गोष्ट मलाही सांगायची होती. मेपासून सांगत नाहीये."

"काय?"

"सप्टेंबरपासून हे तिन्ही पूल शहरातून चालवणार. कॅमेरे, बटणं. मला उत्तरेला पाठवताहेत, समुद्रबांधावरच्या जलद्वारावर. तिथेच खोली आहे."

मी मनात नकाशा उघडला. एकेचाळीस किलोमीटर. शेवटच्या गावापर्यंत बस, तीही शनिवारी दोनच. रविवारी एकही नाही. पुढे सात किलोमीटर नुसता बांध आणि मेंढ्या.

"तू काळजी करू नकोस," तो घाईघाईनं म्हणाला. "मी माझ्या भावाची गाडी मागून घेईन. रविवारी येऊन तुला घेऊन जात जाईन, संध्याकाळी आणून सोडीन. तुला काहीच करावं लागणार नाही."

तो हे इतक्या मनापासून म्हणाला, की मला क्षणभर तेच हवंसं वाटलं. शाळेत मला बाबा न्यायला यायचे. नाचाच्या कार्यक्रमांना भाऊ. कामावर माझ्या प्रयोगशाळेतली एक मैत्रीण मला वाटेत घेते, आणि ती आजारी पडली की मीही घरी. आजवर मी कुणाकडे गेलेली नाही. मला नेण्यात आलेलं आहे. आणि ज्या माणसाकडे जावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, त्याच्याकडेही मी अशीच, दार उघडून देण्याची वाट बघत, रविवारी कोट घालून खिडकीशी बसून...

"नको," मी म्हणाले.

मी स्टिअरिंगकडे बघत होते, त्याचा चेहरा बघितला नाही, पण कोपर दारावरून उचललं गेलं, ते दिसलं.

"यायला नको म्हणतेस?"

"तू यायला नको. मी येईन."

"कशी?"

बोट निघून गेली होती. पूल वरच होता. मागे ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा दिला. ट्रीननं गोळी चघळणं थांबवलं होतं. तिनं खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला होता आणि ती समोर, नुकत्याच सुरू झालेल्या पावसाच्या बारीक थेंबांकडे, अगदी काही ऐकू न येणाऱ्या माणसासारखी बघत होती.

मी तिच्याकडे वळले.

"ट्रीन," मी म्हणाले, "परीक्षेची तारीख मागवा. ऑगस्टमधली, जी पहिली मिळेल ती. नापास झाले तर पुढची मागवा, आणि त्यातही झाले तर त्याच्या पुढची. मी परीक्षा देणार आहे."