समोरचं लपण

शहनाझ मुकादम आठवडाभर अमिरातीत, करामा भागातल्या एका क्लिनिकमध्ये लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायची आणि सुट्टीच्या सकाळी स्वतःचा खांदा भरून येईपर्यंत धनुष्य ओढायची. धनुष्य जुन्या धाटणीचं होतं, लाकूड आणि शिंग जोडून केलेलं. नेम धरायला काच नाही, ओढ हलकी करायला चाकं नाहीत. तिचा नवरा गनी सुरुवातीला खूप हसला होता.

"रत्नागिरीत तुझ्या अब्बांना कळलं तर म्हणतील, डॉक्टरीण म्हणून पाठवली आणि पोरगी शिकारी झाली!"

पण हळूहळू तोच तिचा ड्रायव्हर झाला, कॅमेरामन झाला आणि थर्मासमधून चहा पुरवणाराही. त्यामुळे अल ऐनच्या पुढच्या एका खासगी राखीव रानातून बोलावणं आलं, तेव्हा तिच्याआधी ओरडला तो गनीच. कुंपणाच्या आतली रीम जातीची हरणं फार वाढली की तिथले मालक रीतसर परवाना काढून ओळखीतल्या एखाद्या तिरंदाजाला एक नर मारू देत. बंदूक चालत नसे. एक बाण सोडायचा. लागला तर लागला, नाहीतर घरी जायचं.

जानेवारीतल्या त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं, की वाळू कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. रानाची देखभाल करणाऱ्या फहदने त्यांना लपणापाशी सोडलं. फहद अमिराती, पण हिंदी गनीपेक्षा सफाईदार. लपण म्हणजे वाळूत कमरेइतका खड्डा, वर चार खांबांवर खजुरीच्या झावळ्या, समोर पाणवठ्याच्या बाजूला हातभर रुंद फट. फहदने दोघांचे फोन काढून घेतले आणि गनीच्या हातात वॉकीटॉकी दिला.

"मैं खुद लेने आऊंगा. तब तक बाहर नहीं आना," तो म्हणाला. "रीम बहुत होशियार है, मॅडम. आपने पलक झपकाई, तो उसने देख लिया."

गाडीचा आवाज धुक्यात विरला आणि शहनाझच्या छातीत जे धडधडायला लागलं ते काही थांबेना. झावळ्यांना जुन्या गवताचा वास येत होता. दवाचे थेंब फटीच्या कडेवरून टपकत होते. तिने अंगठ्यात दोरी ओढायची चामड्याची अंगठी चढवली, काढली, पुन्हा चढवली. बाणाची पिसं ओली होऊ नयेत म्हणून ती गळ्यातल्या हिरव्या ओढणीत धरून ठेवली. तांबडी दोन, पिवळं एक. घरी जेवणाच्या टेबलावर बसून तिनेच चिकटवलेली.

"घाबरलीस?" गनी कुजबुजला.

"घाबरले नाही हो. शाळेत निकालाच्या दिवशी व्हायचं ना, तसं होतंय."

"मला पण!" असं म्हणून तो तोंडावर हात दाबून हसला.

ऊन वर आलं तसं धुकं फाटू लागलं. आधी पाणवठ्याची चकाकी दिसली, मग एक घाफचं झाड, मग पलीकडचा वाळूचा उंचवटा. आणि त्या उंचवट्याच्या पायथ्याशी आणखी एक लपण. तशाच झावळ्या, तशीच काळी फट, बरोबर यांच्या समोर.

"तिकडे पण कोणी बसलंय?" शहनाझने विचारलं.

गनीने वॉकीटॉकीवर अगदी हळू आवाजात फहदला विचारलं. खरखर झाली, मग उत्तर आलं, "दूसरा? नहीं भाई, एक ही है."

"जुनं असेल," गनी म्हणाला. "याच्या आधीच्या माणसाने बांधलेलं. ह्याला माहीत नसेल."

तिला ते पटलं. पटवून घ्यायला वेळही मिळाला नाही, कारण तेवढ्यात हरणं आली.

आवाज नव्हताच. धुक्यातून आधी कान आले, मग वाळूच्याच रंगाची अंगं. दोन माद्या पुढे झाल्या, थांबल्या, हवा हुंगली. त्यांच्या मागून नर आला. मागे झुकलेली वळीदार शिंगं, पांढरंशुभ्र पोट, आणि चालणं असं की पाय वाळूला टेकतात की नाही अशी शंका यावी. इतकी वर्षं गवताच्या पेंढ्यांवर बाण मारताना जे मनात पाहिलं, ते आता चालत पाण्याशी येत होतं.

तिने धनुष्य वर उचललं.

समोरच्या फटीत काहीतरी वर उचललं गेलं. काळसर, वाकडं, धनुष्याच्या आकाराचं.

तिने धनुष्य खाली घेतलं. तेही खाली गेलं.

"पाहिलंत?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"तिकडे आरसा लावलाय की काय?" गनीचा आवाज बारीक झाला होता. "सोड, शहनाझ. जाऊ दे आज."

पण नर पाण्याशी येऊन आडवा उभा राहिला होता. त्याने मान खाली घातली. पुढचा पाय एक पाऊल सरकला आणि बरगडी उघडी पडली. असा क्षण पुन्हा मिळणार नव्हता, हे तिला कळत होतं. अंगातलं सगळं रक्त हातात आलं होतं. तिने दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

दोरी दोनदा वाजली.

नर जागच्या जागी उसळला आणि धुक्यात नाहीसा झाला, माद्याही गेल्या. शहनाझच्या कानाशेजारच्या खांबात एक बाण थरथरत होता.

तांबडी पिसं दोन, पिवळं एक.

गनी तडक उठला. "कोण आहे रे तिकडे? मारतोस काय आम्हाला?" वॉकीटॉकी खाली टाकून तो बाहेर पडला. शहनाझ त्याच्यामागे धावली. तिला भीती वाटायला हवी होती, पण अंगात अजून शिकारीची झिंग होती. कोण आहे ते पाहायचंच होतं.

समोरचं लपण रिकामं होतं. आत दोन माणसं बसल्याचे खळगे होते. तिने तळहात टेकवला. वाळू उबदार होती. एका खांबावर ताजी चीर होती, तिथून बाण नुकताच उपटल्यासारखी.

"गनी," ती म्हणाली, "इथून बघा."

त्याने वाकून फटीतून पाहिलं. पाण्यापलीकडे त्यांचं लपण होतं. त्याच्या फटीत काहीतरी हललं.

मग फहदची गाडी आली.

ती त्यांच्या लपणापाशी थांबली. फहद उतरला, वाकून आत काहीतरी बोलला, हसला. आतून एक बाई बाहेर आली. हातात धनुष्य, गळ्यात हिरवी ओढणी. मागून गनीच्या अंगावर होतं तसंच तपकिरी जॅकेट घातलेला पुरुष थर्मास घेऊन आला.

"फहद!" गनी ओरडला. "अरे ए, फहदभाई! इधर!"

अंतर अगदीच थोडं होतं. फहदने मानही वळवली नाही.

शहनाझ दोन्ही हात हलवत पाण्याच्या दिशेने धावली. बाईने गाडीत बसताना एकदा तिच्या रोखाने पाहिलं. चेहरा शांत होता. घरी परतणाऱ्या माणसाचा असतो तसा. दार लागलं. गाडी वळली आणि निघून गेली.

धूळ खाली बसली. गनी अजून ओरडत होता. आवाज बसला तसा थांबला.

पाण्याशी परत हालचाल झाली. नर आला होता.

तो पाणी प्यायला नाही. सरळ शहनाझकडे चालत आला. ती उघड्यावर उभी होती, छाती भात्यासारखी हलत होती, ओढणी वाऱ्यावर फडफडत होती. त्याचे कान सैल होते. डोळे तिच्यातून आरपार पलीकडे कुठेतरी लागले होते.

तिच्यापुढे येऊन त्याने मान खाली घातली आणि तिच्या दोन पावलांच्या मधलं गवत निवांत खायला लागला.