दस्त्याखालचा नंबर

वीज गेली होती. भाचरं मामांना चिकटून बसली होती.

"मामा, खरी गोष्ट सांगा हं."

"खोटी सांगायला मला कोण पगार देतं? ऐका."

माझे साडू पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारं तपासायचे. कामात हुशार, पण तोंडाने फटकळ. एकदा बँकेतला म्हातारा पहारेकरी निवृत्त झाला आणि आपलं रिव्हॉल्व्हर जमा करायला त्यांच्याकडे आला. साडूंनी गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं आणि आतल्या बाजूचा आकडा वहीत उतरवला. नव्या रिव्हॉल्व्हरचा नंबर ते तिथेच बघायचे. परवान्यावरचा नंबर मात्र वेगळा निघाला.

"काय हो, खरं हत्यार विकून खाल्लंत वाटतं?" साडू हसत म्हणाले.

म्हातारा हसला नाही. "साहेब, तीस वर्षं हेच माझ्या कमरेला आहे. जरा नीट बघा ना."

साडूंनी बघितलं नाही. चौकशी लागली. शेजारीपाजारी चोर म्हणू लागले, बँकेतल्या जुन्या सोबत्यांनी ओळख दाखवणं सोडलं. म्हाताऱ्याने अंथरूण धरलं.

सहा महिन्यांनी हुकूम आला, जमा झालेली जुनी हत्यारं भट्टीत वितळवायची. सतरा नोव्हेंबर, मंगळवार. त्या सकाळी गाडी येणार, म्हणून आदल्या रात्री अकराला साडू यादी घेऊन कोठारात गेले. एकटेच. आतून कडी त्यांनी स्वतः लावली.

पावणेबाराला म्हाताऱ्याचं रिव्हॉल्व्हर हातात आलं. ते वितळलं की त्याची बाजू सांगणारं काहीच उरणार नव्हतं. साडूंनी यादीवर खूण करायला पेन उचललं...

समोर कोणीतरी उभं होतं.

पहारेकरी. गणवेशात. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"बाबा, तुम्ही...? आत कसे...?"



त्याने डावा हात उचलला. रिव्हॉल्व्हर धरायच्या लाकडी दस्त्याकडे बोट केलं. डोळ्यांत पाणी. राग नव्हता, पोरांनो. नुसतं पाणी.

साडूंनी दस्ता धरला. लाकूड सुटून हातात आलं. त्याचा स्क्रूच नव्हता. जमा करून घेताना तर होता.

आत, लोखंडाच्या अगदी तळाशी, नंबर. परवान्यावरचाच.

त्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा खरा नंबर तिथे होता. चक्राजवळचा आकडा म्हणजे कारखान्यात सुटे भाग जुळवायची खूण.

साडूंनी मान वर केली.

कोणी नाही...

कडी तशीच.

मामांनी पाण्याचा घोट घेतला.

"पुढे?" धाकटीने हळूच विचारलं.

सकाळी साडूंनी ते रिव्हॉल्व्हर गाडीत न देता बाजूला ठेवलं आणि दुरुस्त केलेली नोंद घेऊन म्हाताऱ्याच्या घरी धावले. दारात लेक उभी होती.

"बाबा काल संध्याकाळी गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत एकच बोलत होते. पोरी, मी चोर नाही गं."

साडूंनी कागद पुढे केला. तिने वाचला. पुन्हा वाचला.

"एक दिवस आधी आला असतात, काका..."

 मग तिने पदराची गाठ सोडली.

"त्यांची मूठ उघडत नव्हती. पहाटे सुटली. आत हे होतं. कशाचं असेल?"

एक बारीक स्क्रू.

साडूंनी तो शस्त्रागारात नेला. दस्ता जागेवर धरला, स्क्रू लावला.

दोन फेरे...

बसला.