ओला मांजरपाट

१४ मार्च २०२४, गुरुवार. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. घोडेगावच्या पेठेत वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत हाताला कडकडीत लागत होते, इतकं कोरडं ऊन.

जिनेशने जेवणानंतर कापडाचं दुकान उघडलंच नाही. मागच्या गोदामाचं शटर आतून ओढून घेतलं, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि मांजरपाटाचे दोन पन्हे जोडून तो पडदा दोन खांबांच्या मधे ताणून बांधला. पडद्याच्या पलीकडे भिंतीपर्यंत रिकामी फरशी तेवढी उरली.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. भाद्रपदात पानबाईंना झटका आला. लुळा पडलेला हात हळूहळू सुधारला, वाचा मात्र गेली ती गेलीच. डोळे सगळ्यांना ओळखत, ओठ हलत, शब्द काही येत नसे. सहा महिने जिनेशने आईच्या तोंडून आपलं नाव ऐकलं नव्हतं. उपचाराला येणाऱ्या बाईंनी शेवटच्या खेपेला चपला घालता घालता सांगितलं होतं, "त्यांच्या आवडीचं जुनं काहीतरी दाखवून बघा. हसल्या तर कदाचित..." वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं.

जुनं म्हणजे माळ्यावरची लोखंडी पेटी. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक रेंगाळावं म्हणून जिनेशचे आजोबा अंधार पडल्यावर दुकानापुढे सिनेमा दाखवत. हाताने फिरवायचं यंत्र आणि एकच फिल्म. परदेशातली, मुकी, जेमतेम दहा मिनिटांची. एक ढेरपोट्या माणूस आणि त्याची टोपी खाणारी शेळी.

यंत्र चालवायला शिनोलीहून दादाभाऊ आला होता. पूर्वी त्याचा बाप हँडल मारायचा, मग तो मारू लागला. त्याची आई धोंडाबाई म्हणजे पानबाईंची जिवाभावाची मैत्रीण. ती पौषात वारली. पानबाईंना हे सांगायचं धाडस अजून कुणाला झालं नव्हतं.

"बल्ब लई तापतो, शेठ," दादाभाऊ म्हणाला. "हात थांबला की फिल्म जळाली. मंग काय बी होऊ द्या, मला हात लावू नका."

"काय होणार आहे?" जिनेशची बायको जागृती हसली. "शेळी बाहेर येणार का?"

"आली तर तुमच्याच कापडाच्या ठाणांवर चरंल, वैनी!"

पानबाईंची खुर्ची जिनेशने पडद्यासमोर अगदी मधोमध मांडली. त्या बसेनात. एक बोट पुन्हापुन्हा पडद्याकडे जात होतं.

"हो आई, तिथंच दिसणार आहे," जिनेश म्हणाला आणि त्याने त्यांना खांद्याला धरून बसवलं.

दिवा मालवला. यंत्राची करकर सुरू झाली, तापलेल्या धुळीचा वास पसरला. मांजरपाटावर ढेरपोट्या आला, टोपी काढून वाकला. पानबाई हसल्या नाहीत. त्या चित्राकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर पडद्याच्या खालच्या काठावर होती. जिनेशनेही तिकडे पाहिलं.

काठावरून पाण्याचा थेंब फरशीवर पडला. मग दुसरा.

वरून खाली, हळूहळू, सगळं कापड काळवंडत आलं. कोऱ्या भिजल्या कापडाचा वास त्या बंद गोदामात दाटला.

"पाणी कुणी मारलं?" जागृतीने हळूच विचारलं.

दादाभाऊचा हात फिरतच होता. तो म्हणाला, "मारायचे... सुरू करायच्या आधी मारायचे. बाया पडद्यामागं बसायच्या ना. कापड भिजलं की चित्र पल्याड उतरायचं. आज मी साफ इसरलो..."

"मग आत्ता कुणी..."

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. पदर तोंडाशी धरून दाबलेलं हसू ऐकू आलं. मग ते हसू फुटलं, आणि शेवटाला उचकीसारखा एक हेल लागला.

"आई...?" दादाभाऊ पुटपुटला. हात मंदावला. ढेरपोट्याच्या पोटावर एक तपकिरी डाग उमटून पसरू लागला.

"दादाभाऊ, हात!"

त्याने पुन्हा वेग धरला. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायलाही त्याला हात मोकळा नव्हता.

पडद्यावर शेळीने टोपी पळवली. ढेरपोट्या गर्रकन वळला, डोळे वटारले, आणि त्याची ढेरी थरथरली. पलीकडून कुजबुज आली, अगदी स्पष्ट.

"पाने... ह्यो तर तुझा सासराच की गं..."

पानबाईंचे खांदे गदगदू लागले. दुसरा झटका आला या धास्तीने जिनेश गुडघ्यांवर बसला, त्याने त्यांचे हात धरले. हात गरम होते. त्या हसत होत्या. त्यांनी एक हात सोडवून घेतला, तळवा तोंडावर ठेवला, आणि नव्या सुनेसारख्या दबक्या आवाजात त्या म्हणाल्या,

"गप गं धोंडे! पुढंच बसलेत. ऐकतील!"

फिल्मचं टोक फडफडलं, पडद्यावर पांढरा उजेड उरला. दादाभाऊने बल्ब बंद केला तरी हँडल फिरवणं सोडलं नाही. जागृतीने त्याचा हात धरून थांबवला. जिनेशने खिडकीवरची सतरंजी ओढून काढली आणि पडद्यामागे जाऊन पाहिलं. भिंत कोरडी, फरशी कोरडी, कोणी नाही.

"जिनू," पुढून हाक आली.

तो खांबाला धरून उभा राहिला.

"जिनू, मला मागं का नाही बसवलंस रे? धोंडी एकटीच बसली तिकडं."

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात पानबाईंनी भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगितलं. मांजरपाट जिनेशने शुक्रवारी सकाळी गच्चीवर उन्हात टाकला. शनिवारी संध्याकाळी तो काढायला गेला, तेव्हा कापड पुढच्या बाजूने वाळलं होतं. मागच्या बाजूने ओलं होतं.