एक कमी नऊशे

"रेघ वाकडी आहे."

सकाळचे पावणेसात वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी गुडघे टेकून ती डांबरावर खडूने आडवी रेघ ओढत होती, आणि हा अभिप्राय तिच्या डोक्याच्या साधारण तीन फूट वरून आला. तिने वर पाहिलं नाही. समोर काळे गमबूट होते, त्यांना ओलं गवत चिकटलेलं.

"चालेल," ती म्हणाली. "माणसं मोजायची आहेत. माणसं तरी कुठे सरळ चालतात?"

"माणसांचं मी बोलतच नाहीये. डाव्या अंगाला रेघ चार बोटं खाली उतरलीय."

"तुम्हाला त्रास होतोय?"

"हो," गमबूट म्हणाले. "तीन दिवस माझ्या दारात असणार ना ती."

गमबूट गेले. परत आले ते दोन खुंट्या, एक दोरी आणि चुन्याची ढकलगाडी घेऊन. पाच मिनिटांत त्या गल्लीला अशी पांढरीशुभ्र, सणसणीत सरळ रेघ मिळाली की तिच्यावरून ऑफिसला जायची माणसांना लाज वाटावी.

"सुकेपर्यंत पाय देऊ नका," गमबूट म्हणाले.

"मी इथे बसायला आलेय. पाय देतील ते लोक."

"तेच तर दुःख आहे," असं म्हणून गमबूट रेघ ओलांडून, म्हणजे चांगला गुडघाभर पाय उचलून, पलीकडे गेले. ती स्टुलावर बसली, हातातल्या मोजणीयंत्राचा खटका दाबला… कट्. आकडा पडला, एक.

ती रेल्वेच्या मोजणी विभागात होती. कुणी नवं स्थानक मागितलं की तिला पाठवत. तिथे बसायचं, रेघ ओढायची आणि ती ओलांडून स्टेशनाकडे जाणाऱ्या प्रत्येकामागे एक खटका दाबायचा. विभागाचा एक जुना शिरस्ता होता : चेहरे पाहायचे नाहीत, पाय पाहायचे. चेहरा पाहिला की माणूस हसतो, मग आपण हसतो आणि तेवढ्यात तिघे निसटतात. सहा वर्षांत तिने सव्वादोन लाख माणसं मोजली होती, आणि त्यातलं एकही तिच्या ओळखीचं नव्हतं.

या वेळी स्थानक मागितलं होतं फुटबॉलच्या मैदानाने. रेल्वेचे रूळ मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलपोस्टामागून, कुंपणाला जवळजवळ खेटून जात. गोल झाला की गाडीचा चालकसुद्धा भोंगा वाजवायचा. गाडी मात्र थांबायची नाही. अलीकडचं स्टेशन पस्तीस मिनिटांच्या चालीवर, पलीकडचं त्याहून लांब. मैदानामागच्या वस्तीतल्या नर्स, छापखान्यातले कामगार, शाळेतल्या बाई, सगळे रोज या गल्लीतून निघून रुळांच्या कडेकडेने तंगडतोड करत.

अर्ज सहावा होता. आधीचे पाच नामंजूर झाले होते, आणि सहावाही झाला तर नियमाप्रमाणे दहा वर्षं फाइल उघडायची नव्हती. क्लबने तेवढं थांबायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. स्थानक आलं नाही तर या मोसमानंतर क्लब शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या मैदानावर जाणार, आणि इथे गोदामं होणार. अर्ज मंजूर व्हायला तीन दिवसांत मिळून नऊशे माणसं लागत. सामन्याच्या दिवशी मोजायला परवानगी नव्हती. का, तर त्या दिवशी तिथे माणसं असतात.

सहाही अर्ज लिहिणारा इसम म्हणजे ते गमबूट. तो मैदानाची देखभाल करायचा. गवत कापणं, पाणी देणं, रेघा मारणं. मैदानाच्या फाटकाशी चहाची टपरी चालवणारी त्याची आत्या त्याला रेघोट्या म्हणायची, आणि तिचं ऐकून सगळेच म्हणायचे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या रेघेवरून बरेच पाय गेले. मळके कॅनव्हासचे बूट गेले, थोड्या वेळाने परत आले. मग चपला. मग खिळ्यांचे खेळाडूचे बूट, खडखडत. तिने इमानेइतबारे खटके दाबले. मग तिच्या लक्षात आलं की स्टुलावर सावली आली आहे. कुणीतरी मागे मोठी छत्री रोवून गेलं होतं.

"ही कुणाची छत्री?" तिने टपरीकडे ओरडून विचारलं.

"राखीव खेळाडूंची," आत्या म्हणाली. "बसून राहणाऱ्यांसाठीच असते."

दुसऱ्या दिवशी चहा आला. तिने मागवला नव्हता. कप तिच्या नाकासमोर धरला गेला, आणि कप घ्यायचा तर मान वर करावीच लागते. तिने केली. उन्हाने बारीक झालेले डोळे, कानावर गवताची एक काडी, आणि गालावर चुन्याचा पांढरा फराटा. एवढा सरळ माणूस आणि फराटा मात्र वाकडा.

ती हसली. तेवढ्यात तिघे निसटले.

"तीन," तो पटकन म्हणाला. "दोन नर्स आणि छापखान्यातले काका. मी बघत होतो."

"तुम्ही सांगितलेले चालत नाहीत. नियमात बसत नाही."

"मग मी त्यांना परत बोलावतो."

"ते तर मुळीच बसत नाही!"

तो धावत गेला होता तोपर्यंत. दोन नर्स आणि एक वैतागलेले काका पुन्हा येऊन शिस्तीत रेघ ओलांडून गेले. कट्. कट्. कट्. काका जाताना म्हणाले, "मुली, या पोराला काय हवंय ते एकदाचं देऊन टाक. माझी गाडी चुकतेय."

"काय हवंय तुम्हाला?" तिने मान खाली घालूनच विचारलं.

"स्थानक," तो म्हणाला. मग थोडं थांबून… "सध्या तरी अर्जात एवढंच लिहिलंय."

दुपारी आत्या स्वतः येऊन तिच्याशेजारी उकिडवी बसली. "सांभाळून हं पोरी. वेडा आहे तो. मागच्या मोसमात क्लबच्या अध्यक्षांनी ओल्या रेघेवर पाय दिला. ऐन सामन्याआधी त्यांना बूट काढायला लावले. मोज्यांवर बक्षिसं वाटली बिचाऱ्यांनी."

"आणि नोकरी?"

"टिकली. रेघ एवढी सरळ कुणाला येते दुसऱ्या?" आत्या उठता उठता म्हणाली, "मी रोज दोन्ही वेळा जाते-येते या रेघेवरून. मोजलंस ना मला?"

"सकाळी येता तेव्हा नाही, संध्याकाळी जाता तेव्हा. जांभळ्या पट्ट्याच्या चपला."

"बघ," आत्या खूश झाली. "आमच्या घरात आजवर कुणी माझ्या चपलेकडे पाहिलं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला गर्दी ओसरली. आत्यासुद्धा टपरी मिटून, रेघ ओलांडून घरी गेली होती. कापलेल्या गवताचा ओला वास गल्लीत भरून राहिला होता. तो आला, या वेळी रेफरीचे चकचकीत काळे बूट घालून. रेघेशी पाय उचलला, पलीकडे टाकला आणि उभा राहिला.

"किती?"

तिने यंत्र त्याच्यासमोर धरलं. नऊशे त्रेचाळीस.

मग त्याने दोन्ही हात वर केले आणि तोंडातून आवाज फुटणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. एक चूक आहे." तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. समासात पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्यांत. "चव्वेचाळीस."

"हे काय?"

"तुम्ही."

त्याने समासातल्या रेघांवरून बोट फिरवलं.

"गमबूट, कॅनव्हासचे, चपला, खिळ्यांचे, आणि आज हे. रेफरीला कळलंय का त्याचे बूट कुठे आहेत ते?"

"ओळखलंत कसं? तुम्ही तर चेहरे पाहत नाही."

"सगळं जग या रेघेवर पाय देऊन जातं," ती म्हणाली. "नर्स, मास्तर, काका. कुणी खाली बघतसुद्धा नाही. एकच माणूस असा आहे की पायात काहीही असलं तरी पाय एवढा उचलून टाकतो. जशी काही ती अजून ओली आहे. पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेलाच कळलं मला."

"तरी खटका दाबलात?"

"ओलांडणाऱ्यामागे खटका, हा नियम. वजाबाकी शेवटी करायची, हाही नियम." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "रेल्वेला चुना लावत होतात?"

"पहिल्या दिवशी… हो," तो म्हणाला. "आठ-दहा खेपा स्थानकासाठी मारल्या. लाज वाटली, तेव्हा थांबवल्या."

"थांबवल्या? दुसऱ्या दिवशी एकवीस आहेत!"

"त्या स्थानकासाठी नव्हत्या."

"मग कशासाठी?"

"ते तुमच्या फॉर्मात बसायचं नाही," तो म्हणाला आणि रेफरीच्या बुटांकडे पाहू लागला. तीही त्या बुटांकडेच पाहू लागली. सहा वर्षं बूट पाहण्यात गेली होती, पण बुटांकडे पाहून कान गरम व्हायची ही पहिलीच वेळ.

मग तिने वजाबाकी केली. दोनदा केली. आकडा तोच आला : आठशे नव्व्याण्णव.

"माझी एक तरी खेप धरा," तो म्हणाला. "माणूस तर आहे ना मी?"

"राहता कुठे?"

"इथेच. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली खोली आहे."

"मग रेल्वेने जाता कुठे?"

त्याने विचार केला. खोटं सांगता आलं असतं. एक मावशी शोधता आली असती पुढच्या स्टेशनावर. "कुठेच नाही," तो म्हणाला. "मला लागेल ते सगळं इथेच होतं. परवापर्यंत."

तिने पेन्सिलीचं टोक पाहिलं, वहीचा कोपरा सरळ केला.

"आठशे नव्व्याण्णवच लिहा," तो अखेर म्हणाला. "खोट्या रेघेवर उभं राहिलेलं स्थानक मला रोज दिसणार. चार बोटं खाली उतरलेलं." त्याने छत्री उपटली, मिटली आणि रेघेवरून पाय उचलून फाटकातून आत गेला. पंचेचाळीस. पण ती खेप तिने कुठेच लिहिली नाही.

मोजणी सहाला संपायची, आणि सहाला दहा मिनिटं कमी होती. मोजणीचा फॉर्म चार पानी असतो. चौथ्या पानावर तळाशी एक रकाना आहे, 'भावी प्रवासी'. स्थानक झाल्यास बाहेरून इथे नियमित येऊ इच्छिणाऱ्याने मोजणीच्या वेळात त्यात सही करायची, की त्याचा एक आकडा धरतात. हा रकाना कुणी भरत नाही. भविष्याबद्दल लेखी द्यायला माणसं बिचकतात. ती त्या रकान्याकडे बराच वेळ पाहत बसली… आणि सहाला पाच कमी असताना तिने पेन काढलं.

नंतरचे आठ दिवस मैदानावर रेघा नेहमीपेक्षाही सरळ पडल्या. आत्या म्हणाली, "एवढं सरळ मारू नकोस रे, बघवत नाही." मैदान सोडायचं तर आपण जायचं कुठे, याचा तो विचार करत होता. गोदामाला रेघा लागत नाहीत.

नवव्या दिवशी, शनिवारच्या सामन्याआधी, तो लांबची टचलाइन मारत होता. गाडी अर्धी ढकलून झाली होती. मागे लकाकती ओली रेघ. त्याने मान वर केली तर गल्लीच्या फाटकातून ती येत होती, हातात कागद. पायांकडे पाहायची तिची सवय त्या दिवशी कुठे गेली होती देव जाणे. ती थेट त्याच्या चेहऱ्याकडे पाहत आली, आणि ओल्या रेघेवर पचकन पाय देऊन, मैदानात आठ पांढरी पावलं उमटवत, त्याच्यासमोर उभी राहिली.

टपरीवर आत्याने श्वास रोखला. काहीच झालं नाही. तो ओरडला नाही. त्याने रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गेला," आत्या गिऱ्हाइकाला म्हणाली. "पोरगा कामातून गेला."

"साहेबांनी फाइल परत पाठवलीय," ती म्हणाली. धाप लागली होती तिला. "खुलासा मागितलाय. वाच."

त्याने वाचलं. लाल शाईत लिहिलं होतं : 'एकूण संख्या नऊशे. पैकी भावी प्रवासी क्रमांक एक या खुद्द मोजणी कर्मचारी असल्याचे दिसते. त्यांनी आठवड्यातून सात दिवस मैदानाकडे येण्याचे कारण "वैयक्तिक" असे नमूद केले आहे. नियमात कर्मचाऱ्यास मनाई नाही. तथापि, सदर कारण एकतर्फी नसल्याबद्दल संबंधित व्यक्तीची संमती जोडावी.'

त्याने पुन्हा वाचलं.

"सात दिवस?" तो म्हणाला.

"रविवारी गाड्या कमी असतात. पण येईन."

"आणि हे… खरं आहे? एक आकडा कमी पडला म्हणून नाही?"

"सव्वादोन लाख माणसं मोजली मी," ती म्हणाली. "आकडा जमवायचा असता तर वजाबाकी कशाला केली असती? तू पाय उचलतोस ना रेघेवरून… दुसऱ्या दिवशी मी त्याचीच वाट बघत होते. बाकीच्यांना नुसती मोजत होते." तिने त्याच्या हातातल्या कागदावर बोट आपटलं. "आता सही करणार आहेस की माझा कागद असाच उन्हात धरून ठेवणार आहेस?"

त्याने खिसे चाचपले. पेन नव्हतं. तिनेही पर्स उघडली. पेन ऑफिसात राहिलं होतं, गडबडीत. तेव्हा त्याने वाकून अंगठा गाडीतल्या ओल्या चुन्यात बुडवला आणि लाल शाईच्या खाली, अगदी काटकोनात, ठसा उमटवला.

"वाकडा आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठेच नाही. तुझा चेहरा बघायचा होता."

सोमवारी साहेबांनी ठसा भिंगाखाली तपासला आणि शेरा मारला, 'ग्राह्य'. सहावा अर्ज मंजूर झाला, आणि क्लबने बांधलेलं सामान सोडलं. पण ते नंतरचं. शनिवारी सामना होता, आणि सुरू व्हायच्या आधी रेफरी आपल्या परत मिळालेल्या बुटांनिशी मैदान तपासत फिरला. टचलाइनपाशी येऊन तो थांबला. सरळ रेघेत एक ठसठशीत खंड, आणि तिथून आत गेलेली आठ पांढरी पावलं.

"हे काय आहे? पुसलं का नाही?"

"राहू द्या," रेघोट्या म्हणाला. पायऱ्यांवरच्या पहिल्या रांगेत, छत्रीखाली, कुणीतरी बसलं होतं. त्याने तिकडे पाहिलं. "नियमात बसतं."