बावन्न मिनिटांत न मावलेला खोकन

पटो न पटो, हे रायपुरात घडलंय. मागच्या मे महिन्यात, भर दुपारी, शंकर नगरातल्या एका एडिटिंगच्या खोलीत.

चेतना तिथे माहितीपट एडिट करायची. भुताखेतांना हसणारी बाई. आता हसत नाही.

माहितीपट कमला मंडल या बंगाली आजींवर होता. एकाहत्तर साली पूर्व पाकिस्तानात लष्कराने गावंच्या गावं संपवली. त्यातून वाचून त्या अकराव्या वर्षी इथल्या माना गावच्या निर्वासित छावणीत आल्या.

पन्नास वर्षं कोणाला न सांगितलेलं त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. तागाच्या शेतात सगळे लपले होते. सैनिक जवळ आले आणि त्यांचा तान्हा भाऊ खोकन रडायला लागला. आईने खूण केली. कमलाने त्याच्या तोंडावर हात दाबला.

सैनिक गेले.

खोकन पुन्हा रडला नाही.

“हथेली गीली थी,” आजी म्हणाल्या. “उसका नाम रखना, बेटी. और कहीं लिखा नहीं है.”

चेतनाने हो म्हटलं.

पण दिग्दर्शक प्रशिकला फिल्म बावन्न मिनिटांतच हवी होती. महोत्सवाचा नियम.

“हे काहून ठेवून राहिली तू? पब्लिकले नाही झेपत. काढ.”

मेलेल्यांनाही मापात बसवायचं! चेतनाला चीड आली, पण पोटासाठी गिळली. माउस हलवला आणि खोकन काढून टाकला.

कापलेल्या जागी रूम टोन घालतात. मुलाखत झाली की सगळे गप्प बसतात आणि त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतात. जोड कळू नये म्हणून. चेतनाने ती शांतता तिथे पसरली, हेडफोन लावला.

पंखा... लांबवर एक गाडी...

आणि तान्हं लेकरू रडत होतं.

मग एकदम थांबलं. दमून नाही. कोणी थांबवल्यासारखं.

तिने साउंडवाल्या लोकेशला फोन केला. “शूटिंगच्या वेळी त्या घरात लेकरू होतं का रे?”

“नाही ना दीदी. आजी एकटीच राहते. शेजारी बी कुलूप होतं.”

तिने दुसऱ्या खोलीची शांतता घातली. तिथेही तेच रडणं... त्याच जागी थांबलेलं.

फिल्म माना छावणीतच पहिल्यांदा दाखवली, रविवारी सकाळी. खोकनचं नाव येणार म्हणून आजी नवी साडी नेसून आल्या होत्या. चेतना शेजारी बसली. मान वर करायची तिला लाज वाटत होती.

पडद्यावर तागाचं शेत आलं... आणि लगेच छावणी.

मधल्या शांततेत रडणं सुरू झालं.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. फक्त आजींनी मान वळवली.

रडणं थांबलं.

“मैंने तो सबकी जान बचाने को चुप कराया था,” आजी हळूच म्हणाल्या. “तूने काहे को कराया?”

टाळ्या वाजत होत्या. पुढे बक्षीसही मिळालं.

चेतनाने त्याच रविवारी संध्याकाळी मूळ रेकॉर्डिंग उघडलं. खोकनला परत जोडायला. आजींचे ओठ हलत होते... आवाज मात्र नव्हता. लोकेशच्या मेमरी कार्डावरही नव्हता. का, ते कोणालाच सांगता आलं नाही.

तिने ते काम सोडलं. आता भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसते. ट्रकांचा गोंगाट तिला हवाच असतो.

पण कधी लाइट जाते, ट्रकही उभे असतात, सगळं गप्प होतं...

मग ती उजवा तळवा ओढणीला पुसते. तो ओला असतो.